भाऊसाहेब पाणी पीत नाहीत

रातकिडा भाऊसाहेबांच्या पायावरून चालत गेला. पुढं जाऊन थांबला, मिशा हलवल्या, परत फिरला आणि दुसऱ्या पायावरून चालत गेला. भाऊसाहेबांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

मंजिरी काचेच्या पेटीसमोर फरशीवर बसून हे बघत होती. शाळेचा गणवेश अजून अंगावरच होता. लिफ्ट पुन्हा बंद पडलेली, म्हणून चौदा मजले चढून आलेली. त्यात रातकिड्यांची बरणी छातीशी धरलेली. जिन्यात दोघांनी विचारलं होतं, "काय गं, चटणीला का?" आणि आता हा बेडूक तिच्या मेहनतीकडं ढुंकून बघायला तयार नव्हता.

"खा की," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आणलंय. मला तर बघूनच किळस येते."

कोपऱ्यातून टिपणीस बोलला, "सदर बेडकाने आज आहार घेतलेला नाही. पाणी प्राशन केलेले नाही. वजन कालच्यापेक्षा कमी."

"तुला कुणी विचारलं?"

"कुणीही नाही. सांगणे हे माझे काम आहे."

टिपणीस म्हणजे यंत्रमानव. उंची स्टुलाएवढी, एक चाक कुरकुरणारं, आणि चार्ज केला तरी अधूनमधून मान टाकणारा. आधी तो एका इस्पितळात होता. म्हाताऱ्या पेशंटांनी किती खाल्लं, किती घोट पाणी प्यायलं, ते टिपून ठेवायचा. म्हणून तिथं त्याचं नाव टिपणीस पडलं. तिथं नवे यंत्रमानव आले तसा हा जुना टिपणीस बेडूक वाचवणाऱ्या केंद्राला मिळाला, आणि केंद्रानं तो भाऊसाहेबांच्या सोबत मंजिरीच्या घरी धाडला. आता तो एका बेडकाचे घोट मोजत होता.

हा बेडूक साधासुधा नव्हता. पूर्वी घाटातल्या ओढ्यांवर याचे भाऊबंद ढिगानं असायचे. मग पाण्यातून एक बुरशी आली (शिळ्या भाकरीवर येते त्यातलीच, पण डोळ्यांना न दिसणारी) आणि ती बेडकांच्या कातडीवर वाढायला लागली. ओढेच्या ओढे गप्प झाले. कातडी बिघडून बेडूक मरतात, असं केंद्राच्या लोकांनी सांगितलं तेव्हा मंजिरीला ते काही पटलं नव्हतं. कातडी बिघडून कुणी मरतं का? तिला स्वतःला दर उन्हाळ्यात घामोळं यायचं.

केंद्रानं थोडे बेडूक वाचवले, काचेच्या पेट्यांत वाढवले. पण पिल्लं झाली, जागा पुरेना. मग त्यांनी लोकांनाच विचारलं, ओढे बरे होईपर्यंत एकेक बेडूक सांभाळाल का? नदीनं ज्यांची घरं नेली त्यांना जिथं राहायला दिलं होतं, त्या संगम मनोऱ्यातल्या बऱ्याच पोरांनी हात वर केले. मंजिरीनं दोन्ही हात वर केले.

आई तेव्हाच म्हणाली होती, "मंजे, मी दिवसभर पंपघरात उभी राहून अख्ख्या मनोऱ्याला पाणी पाजते. घरी येऊन आणखी कुणाला पाजायचं त्राण नाही माझ्यात."

"मी पाजीन. तुला एकदापण हाक मारणार नाही."

त्या एका वाक्यापायी मंजिरी आता एकटी बसली होती. आणि दुपारी केंद्राचा निरोप आला होता. मनोऱ्यातले सगळेच बेडूक वाळत चाललेत. इथली हवा त्यांना मानवत नसावी. शनिवारी गाडी येईल, तपासेल आणि सगळ्यांना परत नेईल. शेवटी एक ओळ होती. फार अशक्त बेडूक घाटाचा प्रवास सोसतीलच असं नाही.

भाऊसाहेब किती अशक्त झालेत, ते टिपणीस रोज सांगत होता.

दार वाजलं. आई आली. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, बादलीत पाणी घेतलं आणि पाय बुडवून खुर्चीत बसली. डोळे मिटलेले.

"मंजे."

"हं."

"मरतंय का गं ते?"

"नाही," मंजिरी म्हणाली. "दमलेत फक्त."

"दमायला काय झालं त्याला? तो कुठला जिना चढतोय?" आई पुटपुटली. मग उठली, मूठभर बेदाणे वाटीत टाकले, वर पाणी ओतलं. सकाळच्या पाळीला जाताना भिजलेले बेदाणे खाल्ले की दुपारपर्यंत पाय उभे राहतात, असं तिचं म्हणणं. वाटी ओट्यावर ठेवून ती आडवी झाली ती झोपलीच.

मंजिरी खिडकीत बसलेल्या आबांकडं गेली. आबा म्हणजे आईचे वडील. सगळं आयुष्य पाण्याच्या प्रयोगशाळेत गेलं त्यांचं. कुठल्या नदीत काय मिसळलंय ते तपासायचं, अहवाल लिहायचा, तो कुणी वाचायचा नाही, की पुन्हा तपासायचं. आता गुडघे दुखायचे आणि पाण्याचा विषय निघाला की ते दुसरीकडं बघायचे.

"आबा, भाऊसाहेबांना काय झालंय?"

"मला बेडकातलं काय कळतंय?"

"मग कुणाला कळतं?"

आबांनी तिच्याकडं नीट बघितलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्यांनी उसासा टाकला, गुडघ्यावर हात रोवून उठले आणि पेटीसमोर येऊन बसले.

"बेडकातलं कळत नाही," ते म्हणाले. "पण कळत नसेल तेव्हा काय करायचं, ते कळतं. जे जे केलंस ते सांग. आणि का केलंस तेही सांग."

मंजिरीनं सांगायला सुरुवात केली.

"हे झाडबेडूक आहेत. जमिनीवर कमी, फांद्यांवर जास्त. म्हणून पेटी रुंद नाही, उंच घेतली. चढायला फांद्या लावल्या. पानं लावली, कारण त्यांना लपायला लागतं. लपायला जागा नसली की त्यांना वाटतं, सगळे आपल्याला खायलाच टपलेत. मग ते घाबरून जेवत नाहीत."

"बरं. खाली काय आहे?"

"नारळाच्या काथ्याचा भुसा. तो ओला राहतो, त्यामुळं आतली हवा दमट राहते. वाळू किंवा खडी घालायची नाही. किडा पकडताना जिभेला चिकटून पोटात गेली तर अडकते."

"झाकण?"

"जाळीचं. कोंडलं तर बुरशी धरते. ऊन थेट पडत नाही, काचेत ऊन पडलं की भट्टी होते. दिवसा उजेड, संध्याकाळी अंधार. ते निशाचर आहेत (म्हणजे रात्री जागणारे). दिवे सारखे चालू ठेवले तर त्यांना कळतच नाही कधी उठायचं."

"आणि जेवण?"

इथं मंजिरी जरा लाजली. "पहिल्यांदा मी वाळवलेले किडे वाटीत घालून ठेवले. चांगले कुरकुरीत. यांनी बघितलंच नाही. मला वाटलं, नखरे करतायत. पण तसं नसतं. बेडकाला हलतं तेच अन्न वाटतं. समोर मेलेल्या किड्यांची रास घाला, त्याच्या लेखी ते खडे. म्हणून जिवंत आणायचे. यांच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्यापेक्षा किडा मोठा नको, घशात अडकतो. एकच प्रकार रोज नको, कधी रातकिडा, कधी छोटं झुरळ, कधी अळी. आणि किड्यांना आधी आपण जेवायला घालायचं, गाजर, पालेभाजी. किडा उपाशी असला तर तो खाऊन यांना काय मिळणार? नुसतं टरफल. मग वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची (हाडं घट्ट व्हायला लागतं ते)."

"हात लावतेस?"

"गरज पडली तरच. साबण न लावता नुसत्या पाण्यानं धुतलेल्या ओल्या हातानं. त्यांना आपल्या हाताचं मीठ झोंबतं."

आबा म्हणाले, "माझ्यापेक्षा बरं ठेवलंयस तू याला. मला कोण विचारतंय, भुसा ओला आहे का?"

"आबा!"

"बरं, बरं. टिपणीस, तुझं काय म्हणणं?"

टिपणीसनं अर्धी मान उचलली. "सदर बेडकाने या घरात आल्यापासून एकदाही पाणी प्राशन केलेले नाही."

"एकदाही?"

"एकदाही. माझी नजर सतत तोंडावर असते. तोंड पाण्याला लागलेले नाही."

"अरे मग तो जिवंत कसा?"

"याबाबत मला सूचना नाहीत," टिपणीस म्हणाला आणि मान परत टाकली.

दोघं पेटीकडं वळले. काचेमागं भाऊसाहेब सगळ्यात वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसले होते, पाण्याच्या वाटीपासून जितकं लांब जाता येईल तितके लांब. पूर्वी त्यांची पाठ ओल्या पानासारखी चमकायची. आता ती धुळकट दिसत होती, मांड्या पातळ, पोटाला सुरकुत्या.

सुरकुत्या.

मंजिरी उठली आणि ओट्यापाशी गेली. आईनं भिजत घातलेल्या बेदाण्यांनी एव्हाना अंग धरलं होतं. टाकले तेव्हा ते चुरगळलेले, सुरकुतलेले होते. आता गुबगुबीत व्हायला लागले होते. तिनं एक उचलून बघितला. सालीला भोक नव्हतं.

"आबा, बेदाणा पाणी कुठून पितो?"

"सालीतून. त्याला परासरण म्हणतात (पातळ पडद्यातून पाणी आपणहून पलीकडं जाणं). बेदाण्याच्या आत साखर गच्च भरलेली असते, बाहेर नुसतं पाणी. मग पाणी सालीतून आत शिरतं आणि…" बोलता बोलता आबांची मान पेटीकडं वळली. "मंजे."

"त्याला तोंड नाही, आबा. तरी फुगतो."

"अगं, आणि बेडकाची कातडी तर…" आबा आता गुडघा विसरले होते. "किती पातळ असते! सालीसारखीच. पोटाखाली, मांड्यांच्या आतून तर अगदीच पातळ. तो तोंडानं कशाला पिईल? तो पाण्यात बसला की झालं. बसूनच पितो तो!"

टिपणीस बिचारा इस्पितळातल्या सवयीनं इतके दिवस चुकीच्या टोकाकडं बघत होता.

मंजिरी क्षणभर खूश झाली. मग तिचा चेहरा उतरला. "पण मग हे बसत का नाहीत पाण्यात? पाणी तर आहे. रोज बदलते मी. केंद्रानं सांगितलंय, पाणी स्वच्छ ठेवा. मी स्वच्छच ठेवते."

"स्वच्छ म्हणजे?"

"स्वच्छ म्हणजे स्वच्छ. तुरटी फिरवते की."

आबा वाटीकडं वाकले.

संगम मनोऱ्यात स्वच्छ पाण्याचा हाच अर्थ होता. नदीचं पाणी वर यायचं ते चहासारखं. पंपघरात त्यात जंतू मारायला क्लोरीन घालायचे, पण गढूळपणा काही जायचा नाही. मग घरोघरी पिंपात तुरटीचा खडा फिरवायचा. किती फेऱ्या ते आबांनीच आईला शिकवलेलं आणि आईनं मंजिरीला. मोजून एकवीस. इथली पोरं पाढ्यांच्या आधी ते शिकायची.

"वाटीत किती फेऱ्या मारतेस?" आबांनी हळूच विचारलं.

"एकवीस."

"पिंपाला एकवीस. आणि वाटीलाही एकवीस?"

मंजिरीनं वाटीकडं बघितलं. वाटी तिच्या तळहाताएवढी होती.

आबांनी कपाटातून एक जुनी डबी काढली. त्यात कागदाच्या पट्ट्या होत्या, पाण्यात आम्ल आहे का (म्हणजे आंबटपणा आहे का) ते रंग बदलून सांगणाऱ्या. एक पट्टी त्यांनी वाटीत बुडवली. पट्टी लालसर झाली. मंजिरीला त्या रंगाचं काही कळलं नाही, पण आबांचा चेहरा कळला.

"बस इथं," ते म्हणाले. "हे बघ. गढूळ पाण्यात मातीचे कण एवढे बारीक असतात की ते एकमेकांना ढकलत राहतात. जवळ येत नाहीत, म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी त्यांचं भांडण मिटवते. ते एकमेकांना चिकटतात, गोळे होतात, जड होतात आणि तळाला जातात. चांगलं काम आहे. पण तुरटी ते फुकट करत नाही. पाणी थोडं आंबट करते आणि आपल्यातलं थोडं ॲल्युमिनियम (पातेल्याचा असतो तो धातू) मागं ठेवून जाते. पिंपभर पाण्यात ते इतकं कमी असतं की आपल्याला पत्ता लागत नाही. शिवाय आपण घोटभर पितो, पोटात जातं, पोट बघून घेतं. तू वाटीत जे केलंयस, ते म्हणजे तुरटीचं सरबत. त्यात हा उघड्या पोटानं बसणार. बसला तर अंग झोंबतं. नाही बसला तर तहानेनं वाळतो."

"म्हणून जेवत पण नाहीत?"

"उन्हातून आलेल्या माणसाला पाणी न देता भाकरी दिली, तर घशाखाली उतरेल का?"

मंजिरीचे डोळे भरून आले. "म्हणजे मीच. रोज. एवढं मोजून."

"तू एकटी कुठं? सगळा मनोरा." आबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "रडू नंतर. आता दमलेल्या डोक्यानं एवढाच विचार कर, की करायचं काय."

मंजिरीनं डोळे पुसले आणि भराभर बोलायला लागली. वाटी बदलू, भुसा बदलू, फांद्या धुऊ, किडे दुसरे आणू, पेटी आबांच्या खोलीत नेऊ.

"नाही. फक्त पाणी."

"पण परवा गाडी येणार! पाण्यानं नसेल झालं तर?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मंजे. सगळं एकदम बदललंस आणि तो बरा झाला, तर कशानं बरा झाला ते कळणार नाही. खालच्या मजल्यांवरच्या बेडकांना मग काय सांगशील? सगळं बदला म्हणून?"

तिला ते पटत नव्हतं. पण भांडायचंही त्राण नव्हतं. तिनं परात घेतली, नळाचं चहासारखं पाणी ओतलं आणि तुरटीकडं गेलेला हात मागं घेतला.

"आता?"

"आता काही नाही. त्याला बसू दे. पसरट भांड्यात उघडं ठेवलं की क्लोरीन हवेत उडून जातो. निदान आपल्या पंपघरात घालतात तो तरी. माती आपली आपण खाली बसते. वरचं अलगद काढून घ्यायचं. थोडं गढूळ राहिलं तरी याला चालतं. ओढा काय आरशासारखा असतो का?" आबा भिंतीला टेकले. "उद्या संध्याकाळपर्यंत कुणी हात लावू नका. पाण्यालाही दम खाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी शाळेत मंजिरीचं कशातच लक्ष नव्हतं. घरी आली ती धापा टाकत. परातीतलं पाणी फिकट झालं होतं, तळाला मऊ गाळ. तिनं वरचं पाणी वाटीनं काढलं आणि एका बसकट बशीत ओतलं, इतकंच की भाऊसाहेबांचं पोट बुडेल, नाक नाही. आबांनी पट्टी बुडवली. या वेळी रंग लाल झाला नाही.

टिपणीसच्या तळहातात वजनकाटा होता. मंजिरीनं त्यावर ओलं पान अंथरलं, हात धुतले आणि भाऊसाहेबांना उचललं. ते विरोध करायच्याही पलीकडं गेले होते. वजन झालं. मग तिनं बशी पेटीत सरकवली आणि त्यांना तिच्या काठावर ठेवलं.

ते तसेच बसले. डोळे अर्धे मिटलेले.

"जा की," मंजिरी कुजबुजली.

एक बोट पाण्यात गेलं. झटकन मागं आलं. मंजिरीनं ओठ चावला. मग तेच बोट पुन्हा गेलं आणि तिथंच राहिलं. मग हात. मग, दिवसभर उभा असलेला माणूस खुर्चीत बसतो ना, तसे भाऊसाहेब पाण्यात बसले. मांड्या पसरल्या, पोट बशीला टेकवलं, आणि हललेच नाहीत.

पेटीबाहेर तिघंही हलले नाहीत.

बाहेर अंधारून आलं तेव्हा मंजिरीनं त्यांना उचलून अंगावरचं पाणी निथळू दिलं आणि पुन्हा पानावर ठेवलं. टिपणीसनं काटा वाचला. परत वाचला.

"सदर बेडकाने तोंड उघडलेले नाही. तरी वजन वाढलेले आहे. काट्यात बिघाड असावा."

"काट्यात नाही रे, तुझ्या डोक्यात," आबा म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यांदा हसले. त्या आवाजानं आई दारातच थांबली. ती नुकतीच येत होती.

"काय झालं?"

"आई, हे बसून पितात! कातडीतून!"

आईनं पिशवी टेकवली, बादली ओढली, पाय बुडवले. "मग मी रोज बसते ती? माझी तहान जात नाही ती कधी."

"तुझी कातडी जाड आहे गं," आबा म्हणाले.

"तुमच्याकडूनच आली."

शनिवारी केंद्राच्या केरकरताई आल्या. चौदा मजले चढून आल्यामुळं त्यांना पाच मिनिटं बोलताच येईना. दारातच पायरीवर बसल्या. मग त्यांनी भाऊसाहेबांना तपासलं. पाठ ओली होती. पोटाच्या सुरकुत्या गेल्या होत्या. वजन कमीच होतं, पण खाली जायचं थांबलं होतं.

"सगळ्या मनोऱ्यात हा एकच जरा बरा दिसतोय," ताई म्हणाल्या. "तरी न्यावं लागेल गं. इथं काहीतरी बाधतंय यांना. आम्ही तर सगळं सांगितलं होतं. जागा, आहार, पाणी स्वच्छ ठेवा…"

"स्वच्छच होतं, ताई. तेच तर झालं."

आणि मंजिरीनं सांगितलं. पिंप, वाटी, एकवीस फेऱ्या, बेदाणा, परात. मध्येच अडखळली तेव्हा आबा तोंड उघडणार होते, पण उघडलं नाही.

"आमच्याकडं डोंगरातला झरा आहे," ताई म्हणाल्या. "तुरटी मी फक्त न्हाव्याच्या दुकानात बघितलीय, दाढीनंतर लावतात ती. स्वच्छ पाणी लिहिताना हे डोक्यातच आलं नाही. तो शब्द आम्ही आमच्या झऱ्याकडं बघून लिहिला, आणि तुम्ही तुमच्या नळाकडं बघून वाचलात."

"ताई, ती बुरशी… ती कातडीवर वाढते म्हणून बेडूक मरतात ते यामुळंच का? त्यांना नीट पिता येत नाही म्हणून?"

"अगदी जवळ आलीस. कातडीतूनच तो पाणी घेतो, अंगातले क्षार सांभाळतो (घामात खारट लागतात ते), थोडा श्वासही घेतो. बुरशी ते सगळं बिघडवते. मग शेवटी हृदय थांबतं." ताईंनी भाऊसाहेबांकडं बघितलं. "दोन ओढ्यांवर उपाय चालू आहेत. यश येईल असं वाटतंय. पण तोवर सोडायला बेडूक उरले पाहिजेत ना."

"मग नेऊ नका. थोडे दिवस द्या. सगळ्यांना बसवलेलं पाणी देऊ."

ताईंनी घड्याळ बघितलं, मग जिन्याकडं बघितलं. "देते. पुढच्या शनिवारी परत येईन. पण प्रत्येक घरी जाऊन सांगणार कोण? मला आज आणखी दोन गावं करायचीत."

मंजिरीनंही जिन्याकडं बघितलं. तिच्या पिंढऱ्या आधीच ठणकत होत्या.

"मी जाते," ती म्हणाली.

"पट्ट्या घेऊन जा," आबा म्हणाले. "नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? रंग दाखव." मग थोडं थांबून त्यांनी काठी शोधली. "थांब. मीही येतो. उतरायला तर जमेल. चढायचं खाली गेल्यावर बघू."

पुढच्या शनिवारी ताई आल्या तेव्हा त्यांच्यासोबत रिकाम्या पेट्या होत्या. त्या रिकाम्याच परत गेल्या.

त्याच संध्याकाळी आई डबल पाळी करून आली आणि जेवायच्या आधीच चटईवर आडवी झाली. खोलीत अंधार होता. पेटीत एक रातकिडा फांदीवरून चालला होता. भाऊसाहेबांनी मान वळवली, एवढीशी. पुढच्या क्षणी फांदीवर रातकिडा नव्हता आणि भाऊसाहेबांचे दोन्ही डोळे डोक्याच्या आत गेले होते. बेडूक डोळे आत ओढून त्यांनीच घास खाली ढकलतो, हे मंजिरीला माहीत होतं. पण बघताना तिला ते फार दिवसांनी चवीनं जेवणाऱ्या माणसासारखं वाटलं.

मग टक, टक, टक.

"मंजे," आई डोळे न उघडता म्हणाली, "दार वाजतंय. बघ गं. मला उठवत नाही."

"दार नाही आई. भाऊसाहेब आहेत. बोलायला लागले."

"गप्प करता येतं का त्यांना?"

"सदर आवाज बंद करण्याची सोय नाही," टिपणीस म्हणाला.

टक, टक, टक. आणि खालून, कुठल्यातरी मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून, तसंच उत्तर आलं. टक, टक.

"आता हे कोण?"

"सातव्या मजल्यावरचे असतील," मंजिरी म्हणाली. ती खिडकीशी गेली होती. आणखी खालून तिसरा आवाज आला, जरा घोगरा.

आई ऐकत राहिली. नदीकाठचं घर गेल्यापासून संध्याकाळी असलं काही तिच्या कानावर पडलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "बोलू दे त्यांना. खिडकी लावू नकोस."